‘रेकॉर्ड साफ करून देतो’ म्हणणाऱ्याने माझ्या भावाला कसं फसवलं

न्यूयॉर्क राज्यात जुनी शिक्षा सील करून, म्हणजे बहुतेकांना दिसणार नाही अशी बंद करून घेण्याच्या अर्जाला कोर्ट काहीही फी घेत नाही. अर्जाचे फॉर्म कोर्टाच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. आपण पात्र आहोत की नाही, हे घरी बसून बरंचसं तपासता येतं. एवढी माहिती नव्हती म्हणून माझ्या धाकट्या भावाचे ३,९५० डॉलर गेले, आणि त्याहून वाईट म्हणजे नागरिकत्वाच्या अर्जावर तो खोटं लिहून सही करायच्या बेतात होता. त्याची परवानगी घेऊनच हे लिहितेय. नावं कोणाचीच देत नाही.

भाऊ २००६ मध्ये ग्रीन कार्डावर इथे आला. २०१३ मध्ये क्वीन्समधल्या एका मोठ्या दुकानात तो काउंटरवर होता. ओळखीच्या एका मुलाचं सामान त्याने स्कॅन न करता पुढे ढकललं, कॅमेऱ्यात दिसलं, आणि पोलीस आले. रात्र कोठडीत गेली, पुढे क्यू गार्डन्सच्या फौजदारी कोर्टात उभं राहावं लागलं. गुन्हा कबूल केला तर प्रकरण लवकर मिटेल असं कळल्यावर त्याने कबूल केला. पेटिट लार्सनी, म्हणजे किरकोळ चोरी, ए दर्जाचा मिसडिमिनर (कमी गंभीर गुन्हा). तुरुंगवास नाही, काही दिवस समाजसेवा, कोर्टाचा अधिभार आणि वर्षभर नीट वागण्याची अट. त्याने सगळं पुरं केलं. त्यानंतर आजपर्यंत त्याच्या नावावर दुसरं काही नाही.

पण ती एक ओळ सुटत नाही. नोकरीचा अर्ज करा, मुलाखत चांगली होते, मग बॅकग्राउंड चेक, आणि मग नुसती शांतता. आई-बाबांना तर हे आजही माहीत नाही. गणपतीला मंडळात गेलं की कोणी विचारतं, ‘काय रे, सध्या कुठे असतोस?’ आणि तो विषय बदलतो. हे मुद्दाम सांगतेय, कारण फसवणारा नेमका इथेच हात घालतो. ज्या गोष्टीबद्दल माणूस चारचौघांत तोंड उघडू शकत नाही, तिथे त्याला दुसरा सल्ला विचारायलाही जाता येत नाही.

हा गृहस्थ जॅक्सन हाइट्समध्ये एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर बसायचा. टॅक्स भरून देणं, ओसीआयचे फॉर्म, पासपोर्टचे फोटो, भारतात पाठवायची मुखत्यारपत्रं, अशी कामं. मराठी बोलणारा, अघळपघळ, आल्यागेल्याला चहा विचारणारा. वहिनीच्या ओसीआयच्या निमित्ताने भाऊ त्याच्याकडे गेला आणि बोलता बोलता मनातलं बोलून गेला. तो म्हणाला, ‘एवढंच ना? अरे, आपल्या किती पोरांचं करून दिलंय मी. तू आता टेन्शन घेऊ नकोस.’

दारावर पाटी होती नोटरी पब्लिकची. आपल्याकडे नोटरी म्हणजे वकील, आणि तोही बरीच वर्षं वकिली केलेला. सरकारने नेमल्याशिवाय तो शिक्का हातात येत नाही. त्यामुळे भारतातून आलेला माणूस ती पाटी वाचून समोरचा वकील आहे असं धरून चालतो. न्यूयॉर्कमध्ये तसं नाही. एक साधी परीक्षा आणि थोडी फी भरली की कुणालाही नोटरी होता येतं. फार्मसीतला माणूसही नोटरी असतो. सही आपल्यासमोर झाली एवढंच तो सांगू शकतो, कायद्याचा सल्ला तो देऊ शकत नाही. समोरचा खरोखर वकील आहे का, हे न्यूयॉर्कच्या कोर्टांच्या वेबसाइटवर नाव घालून मिनिटभरात कळतं, तेही फुकट. मी नंतर शोधलं. याचं नाव तिथे नव्हतं.

गोष्ट २०२४ च्या सुरुवातीची. त्याच्या आधी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, गव्हर्नर कॅथी होकुल यांनी जुन्या शिक्षा आपोआप सील करणाऱ्या क्लीन स्लेट कायद्यावर सही केली होती आणि त्याच्या बातम्या सगळीकडे होत्या. या माणसाने त्याच बातमीचं भांडवल केलं. फोनवर बातमी उघडून भावाला दाखवली आणि म्हणाला, ‘नवीन कायदा आलाय. यादी बनतेय. आत्ता ज्यांची नावं जातील त्यांचीच होणार, नंतर खिडकी बंद. माझी आत ओळख आहे.’

यातली बातमी खरी होती, बाकी सगळं खोटं. क्लीन स्लेटमध्ये कुणालाही अर्ज करावा लागत नाही. हा कायदा १६ नोव्हेंबर २०२४ पासून लागू झाला, आणि पात्र असलेल्या सगळ्या जुन्या शिक्षा शोधून आपणहून सील करायला कोर्टांना १६ नोव्हेंबर २०२७ पर्यंत मुदत दिली आहे. मिसडिमिनर असेल तर शिक्षा सुनावल्यापासून तीन वर्षं, फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, असेल तर आठ वर्षं, आणि तुरुंगवास झाला असेल तर ही वर्षं सुटकेपासून मोजायची. दरम्यान नवीन केस चालू नसावी, प्रोबेशन किंवा पॅरोल संपलेला असावा. लैंगिक गुन्हे यात बसत नाहीत, आणि अमली पदार्थांचे सोडून बाकीचे ए दर्जाचे फेलनीही बसत नाहीत. नाव घालायची यादी नाही, खिडकी नाही, ओळखीचा तर प्रश्नच नाही. तो माणूस जे विकत होता ते सरकार स्वतःहून, फुकटात करणार होतं.

‘आत ओळख आहे’ हे वाक्य आपल्या माणसाला पटतं, त्याला कारणं आहेत. तलाठ्यापासून आरटीओपर्यंत ओळखीवर कामं झालेली आपण पाहिलेली असतात. त्याला हे चांगलं माहीत होतं.

आधी १,८०० डॉलर ‘फाइल उघडायला’. महिन्याभराने ९५० ‘कोर्ट फी’. मग कळलं की राज्याचं झालं, पण एफबीआयच्या यादीतून नाव काढायचं वेगळं, त्याचे १,२०० डॉलर. पहिली रक्कम रोख, पावती नाही. पुढच्या दोन झेल (Zelle) या फोनवरून पैसे पाठवायच्या सोयीने गेल्या, आणि त्याच आज आमच्या हातात पुरावा म्हणून आहेत. झेलमध्ये कशासाठी पैसे ते लिहायची जागा असते. तिथे त्याने भावाला ‘फॅमिली हेल्प’ असं लिहायला सांगितलं होतं. भावाने कोऱ्या कागदांवर सह्याही करून दिल्या. ‘मजकूर मी नंतर टाइप करतो, तुझी परत परत ये-जा नको.’

खऱ्या अर्जात असं चालतच नाही. फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या कलम १६०.५९ खाली जो सीलिंगचा अर्ज करतात, तो २०१७ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे. त्यात अर्जदाराने स्वतः शपथेवर लिहून द्यायचं असतं की माझी शिक्षा अमुक, ती का सील व्हावी, त्यानंतर मी काय केलं. ती सही नोटरीसमोर, मजकूर वाचून करायची असते. त्याची प्रत सरकारी वकिलाच्या, म्हणजे डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नीच्या ऑफिसला द्यावी लागते आणि त्यांना हरकत घ्यायला ४५ दिवस मिळतात. हरकत आली तर सुनावणी होते. शेवटी न्यायाधीश गुन्हा किती गंभीर होता, माणूस किती सुधारला, हे बघून ठरवतात. पात्र असलात तरी न्यायाधीश नाही म्हणू शकतात. म्हणून ‘शंभर टक्के गॅरंटी’ असं जो म्हणेल त्याच्याकडून तिथल्या तिथे उठून यावं.

एप्रिलमध्ये त्याने भावाला ‘सर्टिफिकेट’ दिलं. तो कागद माझ्यासमोर आहे. जाड, क्रीम रंगाचा, कडेला नक्षी, खाली सोनेरी गोल स्टिकर आणि त्यावर दाते असलेला ठसा. वर न्यूयॉर्क राज्याचं नाव मोठ्या अक्षरात. मजकूर असा की अमुक माणसाचा सर्व गुन्हेगारी इतिहास कायमचा नष्ट करण्यात आला आहे. दिसायला भारदस्त. पण कोर्टाचं नाव कुठेही नाही, काउंटी नाही, डॉकेट नंबर (केसचा नंबर) नाही, न्यायाधीशांचं नाव नाही, क्लार्कची सही नाही. कोर्टाच्या निकालाची खरी प्रत, जिला इथे सर्टिफिकेट ऑफ डिस्पोझिशन म्हणतात, ती आम्ही नंतर काढली. साधा पांढरा कागद, पण त्यावर डॉकेट नंबर, कलम, तारीख, शिक्षा असं सगळं नीट आहे, आणि कोर्टाचा उठावदार शिक्का बोटाला लागतो. शिवाय ‘नष्ट’ हा शब्दच खोटा. न्यूयॉर्कमध्ये शिक्षा सील होते, म्हणजे बहुतेक खाजगी मालकांना आणि घरमालकांना ती दिसत नाही. नष्ट काही होत नाही. पोलीस, सरकारी वकील, कोर्टं, बंदुकीचा परवाना देणारे, आणि लहान मुलं किंवा वृद्धांसोबतच्या ज्या नोकऱ्यांत कायद्याने बोटांचे ठसे तपासावे लागतात त्या ठिकाणी ती दिसू शकते.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. भावाने मला सांगितलं ते नागरिकत्वाच्या वेळी. त्याच माणसाने, आणखी पैसे ठरवून, नागरिकत्वाचा एन-४०० फॉर्म भरून दिला होता, आणि भाऊ पत्त्याचं स्पेलिंग बघायला म्हणून तो माझ्याकडे घेऊन आला. मी शेवटच्या पानांपर्यंत वाचत गेले. तुम्हाला कधीही, कोणत्याही कारणाने अटक झाली आहे का? उत्तर: नाही. तुम्ही कधी दोषी ठरला आहात का? नाही.

मी म्हटलं, ‘अरे, हे काय?’

तो म्हणाला, ‘ताई, आता नाहीच म्हणायचं असतं. सील झालंय ना. सरांनी सांगितलंय.’

आणखी एक गोष्ट मला खटकली. फॉर्मच्या शेवटी, दुसऱ्याने भरून दिला असेल तर त्याने आपलं नाव, पत्ता लिहून सही करायची जागा आहे. ती कोरी होती. फॉर्म भरायचे पैसे घेतो, आणि ‘मी भरला’ म्हणून सही करत नाही, तो उद्या तुमच्यासाठी उभा राहणार नाही एवढं त्यातून कळतं.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही एका खऱ्या वकीलबाईंकडे गेलो, कोर्टाच्या यादीत नाव तपासून. त्यांनी सर्टिफिकेटकडे पाहिलंही नाही. पहिला प्रश्न विचारला, ‘ग्रीन कार्डवर देशात कधी आलास, आणि गुन्हा कोणत्या तारखेचा?’ भावाने सांगितल्यावर त्यांनी सुटकेचा श्वास सोडलेला मला दिसला. त्यांनी समजावलं ते असं. चोरी हा इमिग्रेशनच्या भाषेत नैतिक अधःपतनाचा गुन्हा धरला जातो. असा गुन्हा देशात प्रवेश मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत घडला आणि त्याला एक वर्ष किंवा जास्त शिक्षा होऊ शकत असेल, तर ग्रीन कार्ड असलेल्यालाही देशाबाहेर काढण्याची कारवाई होऊ शकते. २०१३ मध्ये न्यूयॉर्कात ए दर्जाच्या मिसडिमिनरची कमाल शिक्षा पूर्ण एक वर्ष होती. ३६४ दिवस ती २०१९ मध्ये झाली. भावाचा गुन्हा सात वर्षांनंतरचा, म्हणून तो त्यातून वाचला. पण चार वर्षांनंतरचा असता तर? ज्या अर्जाने नागरिकत्व मागायचं, त्याच अर्जाने आम्ही त्याला परत पाठवायची फाइल उघडून दिली असती. दुकानाच्या वर बसलेल्या त्या माणसाने ही तारीख कधी विचारलीसुद्धा नव्हती.

आणि सीलचं म्हणाल, तर इमिग्रेशनसाठी ते नसल्यात जमा. केंद्राच्या कायद्यात १९९६ पासून ‘दोषी ठरणं’ याची स्वतःची व्याख्या आहे: गुन्हा कबूल केला आणि न्यायाधीशांनी कसलीही शिक्षा किंवा बंधन घातलं, की झालं. राज्याने नंतर ते सील केलं किंवा पुसलं तरी केंद्राच्या लेखी ते तसंच राहतं. इमिग्रेशन अपील बोर्डाने १९९९ मध्येच तसा निर्णय दिलेला आहे. मूळ खटल्यातच कायदेशीर दोष होता म्हणून कोर्टाने शिक्षा रद्द केली, तर गोष्ट वेगळी, पण त्याचा सीलिंगशी संबंध नाही. एन-४०० च्या सूचनांमध्ये तर स्पष्ट लिहिलं आहे की रेकॉर्ड सील झालं असलं तरी सांगायचंच. बोटांचे ठसे घेतले की अटक त्यांना दिसतेच, आणि मुलाखत शपथेवर असते. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या चुकीने बहुधा अर्ज अडला नसता. आज शपथेवर बोललेल्या खोट्याने नक्कीच अडला असता, आणि चुकून नागरिकत्व मिळालं असतं तरी पुढे कधीही काढून घेता आलं असतं. माझ्या अंगावर काटा आला तो तेव्हा.

मग आम्ही कोर्टात क्लार्कच्या खिडकीवर चौकशी केली. भावाच्या नावाने सीलिंगचा एकही अर्ज कधी आलेला नव्हता. राज्याच्या क्रिमिनल जस्टिस सर्व्हिसेस खात्याकडून त्याची स्वतःची रॅप शीट, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींचा उतारा, मागवली, बोटांचे ठसे देऊन. २०१३ ची ओळ जशीच्या तशी. सोनेरी स्टिकरचा कागद नुसता छापखान्यातला होता. सर्वांत वाईट हे की भाऊ आधीपासूनच पात्र होता! कलम १६०.५९ ला लागतं काय: आयुष्यात दोनपेक्षा जास्त शिक्षा नकोत, त्यातली फेलनी फार तर एक, शेवटची शिक्षा सुनावून किंवा तुरुंगातून सुटून दहा वर्षं झालेली, आत्ता काही केस चालू नको, आणि गुन्हा लैंगिक, हिंसक फेलनी किंवा ए दर्जाची फेलनी नको. भावाची दहा वर्षं २०२३ मध्येच भरली होती. हा अर्ज त्याला लीगल एड सोसायटीच्या लोकांच्या मदतीनेही फुकट करता आला असता. न्यूयॉर्क शहरात ते असे अर्ज करून देतात.

आता वकीलबाईंनी क्रम उलटा लावून दिला आहे. आधी कोर्टाच्या शिक्क्याच्या प्रती काढून ठेवल्या, कारण इमिग्रेशनला त्याच लागतात, आणि सील झाल्यावर त्या काढताना ओळख पटवायचे सोपस्कार वाढतात. मग एन-४०० पाठवला, दोन्ही ठिकाणी ‘होय’ लिहून, भावाच्या स्वतःच्या शब्दांतल्या निवेदनासह. कागदी अर्जाची सरकारी फी ७६० डॉलर, ऑनलाइन ७१०. सीलिंगचं त्यानंतर बघायचं.

न्यू जर्सीतल्या मंडळींसाठी थोडं, कारण हा माणूस एडिसनच्या बाजूलाही गिऱ्हाइकं करतो असं कानावर आलं. तिथला कायदा वेगळा आहे. तिथे सीलऐवजी एक्स्पंजमेंट, म्हणजे नोंद पुसणं, असतं, त्याचा अर्ज कोर्टाच्या ऑनलाइन व्यवस्थेतून जातो आणि त्यालाही फी नाही. दारू पिऊन गाडी चालवल्याची केस तिथे वाहतुकीच्या कायद्याखाली येते, फौजदारीत नाही, म्हणून ती पुसता येतच नाही. ‘जर्सीची डीडब्ल्यूआय काढून देतो’ म्हणून कोणी पैसे मागत असेल तर तो सरळ सरळ थापा मारतोय. इमिग्रेशनचा नियम मात्र दोन्हीकडे एकच.

तक्रार आम्ही न्यूयॉर्कच्या अ‍ॅटर्नी जनरलकडे आणि शहराच्या ग्राहक व कामगार संरक्षण खात्याकडे केली आहे. वकील नसताना पैसे घेऊन इमिग्रेशनचे फॉर्म भरणाऱ्याला या राज्यात लेखी करार द्यावाच लागतो, तो गिऱ्हाइकाच्या भाषेतही हवा, तीन कामाच्या दिवसांत तो रद्द करण्याचा हक्क असतो, आणि आपण वकील नाही अशी पाटी लावावी लागते. इथे यातलं काहीच नव्हतं. भाऊ आधी तक्रारीला तयार नव्हता. ‘म्हणजे सगळ्यांना कळणार’ हेच त्याच्या मनात. तक्रार देताना गुन्ह्याचा तपशील चारचौघांत मांडावा लागत नाही, हे कळल्यावर तयार झाला. पैशांसाठी स्मॉल क्लेम्स कोर्टात दावा लावतोय. शहरात १०,००० डॉलरपर्यंतचा दावा तिथे वकिलाशिवाय चालवता येतो. झेलचे दोन व्यवहार आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे त्याचे व्हॉइस मेसेज आम्ही जपून ठेवलेत. फोन तो आता उचलत नाही.

या माणसाकडे किंवा याच्यासारख्या कुणाकडे तुम्ही कोऱ्या कागदावर सही केली असेल, तर आज त्याला लेखी मेसेज करून आपले सगळे कागद परत मागा आणि आधीचं चॅट पुसू नका. आणि ज्यांचा एन-४०० ‘नाही’ लिहून आधीच गेला आहे, त्यांनी मुलाखतीच्या तारखेची वाट बघू नये. मुलाखतीआधी, अधिकाऱ्याने विचारण्याआधी, इमिग्रेशनच्या खऱ्या वकिलाला सोबत घेऊन ती दुरुस्ती करता येते. नंतर ती फार महाग पडते.